पडावावरची शाळा

इतिहास बहुधा दोन ठिकाणी लिहिला जातो. जेथून माणसे निघतात तेथे, आणि जेथे ती पोहोचतात तेथे. मधल्या वाटेचा इतिहास कोणी लिहीत नाही. काफिला जेथे रात्रीपुरता उतरतो, उंटांना पाणी पाजतो आणि पहाटे चालू लागतो, त्या पडावाला ना बखर असते ना शिलालेख. परंतु कधी कधी असे घडते की, पुढचा रस्ता एकाएकी बंद होतो, मागे परतावे तर मृत्यू उभा असतो, आणि एका रात्रीचा मुक्काम वर्षानुवर्षांचा होऊन बसतो. अशा वेळी त्या पडावावरची माणसे काय करतात, हा प्रश्न मोठा उद्बोधक आहे. इंडोनेशियातील चिसारुआ नावाच्या एका डोंगरी गावी अडकून पडलेल्या काही निर्वासितांनी इसवी सन २०१४ मध्ये त्याचे जे उत्तर दिले, ते म्हणजे एक शाळा. त्या शाळेची हकीकत सांगणारा 'द स्टेजिंग पोस्ट', म्हणजेच 'पडाव', या नावाचा अनुबोधपट २०१७ साली प्रसिद्ध झाला. जोलियन हॉफ या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाची ती कृती. बोलपट तासाभराचा आहे. परंतु त्याच्या मागे जो इतिहास उभा आहे, तो सव्वाशे वर्षांचा आहे. तो समजून घेतल्यावाचून त्या शाळेचे मोल पुरते कळावयाचे नाही.

चिसारुआ हे गाव जावा बेटाच्या पश्चिम भागात, जकार्ता राजधानीच्या दक्षिणेस आहे. बोगोर शहर सोडले की रस्ता पुंचाकच्या खिंडीकडे चढू लागतो. दोन्ही बाजूंना चहाचे मळे, वर ढगांनी झाकलेले डोंगर आणि रस्त्याच्या कडेने विश्रामगृहे अशी ही वाट आहे. डच अमदानीपासून थंड हवेचे ठिकाण म्हणून या प्रदेशाची ख्याती. आठवड्याच्या अखेरीस जकार्तातील सुखवस्तू लोक तेथे हवा खाण्यासाठी येतात. अरब देशांतील प्रवासीही येतात. अशा या रम्य स्थळी निर्वासितांची वस्ती का व्हावी, याचे नवल वाटेल. कारण साधे आहे. राजधानीतील भाडी त्यांना परवडत नाहीत, डोंगरातल्या खोल्या त्या मानाने स्वस्त मिळतात, आणि ज्यांच्या हाती आपले भवितव्य आहे ती कार्यालये असलेली राजधानी तेथून फार लांब नाही. एकाच रस्त्यावर एक मनुष्य दोन दिवसांच्या मौजेसाठी आलेला, आणि दुसरा किती वर्षे राहावे लागेल हे ठाऊक नसलेला, असा तो शेजार आहे.

या निर्वासितांत मोठा भरणा हजारा लोकांचा होता. हजारा ही मध्य अफगाणिस्तानातील डोंगराळ मुलखात राहणारी जमात. त्यांची बोली फारसीचाच एक प्रकार. पंथ बहुतांशी शिया. आणि चेहऱ्याची ठेवण मध्य आशियाई. अफगाणिस्तानात बहुसंख्य लोक सुन्नी, त्यामुळे पंथाने वेगळे. आणि चेहरा असा की, गर्दीतही लपता येऊ नये. या दुहेरी वेगळेपणाची किंमत त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मोजली. १८९१ ते १८९३ या काळात अमीर अब्दुर रहमान याने हजाराजातवर स्वाऱ्या करून तो मुलूख जिंकला. असंख्य माणसे मारली गेली, जमिनी हिरावल्या गेल्या, स्त्रिया व मुले गुलाम म्हणून विकली गेली. जे निसटले त्यांतले काही इराणात मशहदकडे गेले आणि काही त्या वेळच्या ब्रिटिश हिंदुस्थानात, क्वेट्ट्याला येऊन राहिले.

क्वेट्ट्याच्या या वसाहतीशी आपल्या इतिहासाचाही एक धागा जुळलेला आहे. १९०४ साली तेथे हजारा पायोनियर्स नावाची पलटण उभारण्यात आली. १९३३ साली ती मोडण्यात आली. याच पलटणीत साधा शिपाई म्हणून भरती झालेला मुसा खान नावाचा हजारा तरुण पुढे डेहराडूनच्या लष्करी विद्यालयाच्या पहिल्याच तुकडीत निवडला गेला. त्या तुकडीत त्याचे एक सहाध्यायी होते सॅम माणेकशॉ. फाळणीनंतर मुसा खान पाकिस्तानच्या लष्करात राहिले आणि १९५८ ते १९६६ या काळात तेथील सरसेनापती झाले. निर्वासितांच्या वंशातला माणूस परक्या भूमीत किती उंच जाऊ शकतो, याचे हे उदाहरण. परंतु त्याच क्वेट्ट्यात, त्याच लोकांवर, अर्धशतकही लोटले नाही तोच पुन्हा संकट कोसळले.

१९९८ च्या ऑगस्टमध्ये तालिबानने मझार-ए-शरीफ शहर घेतले तेव्हा हजारांची मोठी कत्तल झाली. २००१ च्या मार्चमध्ये बामियान येथील बुद्धाच्या प्रचंड मूर्ती सुरुंग लावून उडवण्यात आल्या. त्या मूर्तींच्या सावलीत शतकानुशतके राहिलेले लोक म्हणजे हेच हजारा. अफगाणिस्तानातून पळून क्वेट्ट्याला यावे, तर तेथेही सुरक्षितता उरली नव्हती. १० जानेवारी २०१३ रोजी त्या शहरातील आलमदार रस्त्यावर आणि १६ फेब्रुवारी रोजी हजारा टाउनजवळच्या बाजारात बाँबस्फोट झाले. दोन्हींत मिळून दीडशेहून अधिक माणसे मेली. जानेवारीच्या स्फोटानंतर मृतांच्या नातलगांनी शवपेट्या रस्त्यावर मांडल्या आणि कडाक्याच्या थंडीत त्यांच्याशेजारी बसून राहिले. आम्हांला संरक्षण मिळेपर्यंत दफन करणार नाही, असा त्यांचा निर्धार होता. जेथे मेलेल्यांनाही न्यायासाठी ताटकळावे लागते, तेथून जिवंत माणसांनी निघून जावे यात आश्चर्य ते काय?

निघून जावयाचे कोठे? बहुतेकांची नजर ऑस्ट्रेलियाकडे होती. विमानाने मलेशियापर्यंत, तेथून चोरट्या वाटेने इंडोनेशियात, आणि मग जावाच्या दक्षिण किनाऱ्यावरून मासेमारीच्या जुनाट होडीतून ख्रिसमस बेटाकडे, असा हा मार्ग होता. दलालांना द्यावयाचे पैसे घरदार विकून उभे केलेले असत. समुद्रात किती बुडाले याची मोजदाद कोणालाच पुरती करता आलेली नाही. २००१ च्या ऑगस्टमध्ये 'टँपा' नावाच्या नॉर्वेच्या जहाजाने बुडत्या होडीतून चारशेंहून अधिक माणसे वाचवली. त्यांत बहुसंख्य हजाराच होते. ऑस्ट्रेलियाने त्या जहाजाला आपल्या बंदरात येऊ देण्याचे नाकारले, तेव्हापासून होडीने येणारा निर्वासित हा त्या देशाच्या राजकारणातला कळीचा विषय होऊन बसला. पुढे १९ जुलै २०१३ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी जाहीर केले की, यापुढे होडीने येणाऱ्या कोणत्याही आश्रयार्थीला ऑस्ट्रेलियात कधीही वसू दिले जाणार नाही. दोनच महिन्यांत तेथे पक्ष बदलला, पंतप्रधान बदलले; धोरण मात्र अधिक कठोर झाले. नौदल होड्या अडवून परत फिरवू लागले.

अशा रीतीने पुढची वाट बंद झाली, आणि इंडोनेशिया हा टप्पा न राहता तुरुंगावाचूनचा तुरुंग बनला. निर्वासितांविषयीचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार इंडोनेशियाने स्वीकारलेला नाही. भारतानेही तो स्वीकारलेला नाही. इंडोनेशियाची परंपरा निष्ठुर आहे असे मात्र नाही. १९७९ ते १९९६ पर्यंत व्हिएतनामहून होडीने आलेल्या हजारो लोकांना गलांग बेटावर त्या देशाने आसरा दिला होता. परंतु तो आसरा तात्पुरता, दुसऱ्या कोणत्या तरी देशाने त्यांना नेईपर्यंतचा. २०१३-१४ साली आलेल्यांच्या बाबतीतही भूमिका तीच राहिली. राहावयास हरकत नाही. मात्र नोकरी करता येणार नाही, धंदा करता येणार नाही, नागरिकत्व मिळणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कचेरीत नाव नोंदवावे, मुलाखतीची वाट पाहावी, मुलाखत झाल्यावर निकालाची वाट पाहावी, आणि निकाल अनुकूल लागला तरी एखादा देश बोलावील म्हणून पुन्हा वाट पाहावी. सगळ्या जगात मिळून शंभरांतील एकाही निर्वासिताला वर्षाकाठी अशी बोलावणी येत नाहीत. पुढील काही वर्षांत इंडोनेशियात अडकलेल्यांची संख्या सुमारे १४,००० झाली. त्यांतले निम्म्याच्या आसपास अफगाण होते.

वाट पाहणे ही क्रिया दिसावयास निरुपद्रवी, परंतु माणसाला आतून पोखरणारी आहे. कैद्याला निदान आपली शिक्षा किती वर्षांची हे ठाऊक असते, आणि तो भिंतीवर रेघा ओढून दिवस मोजतो. ज्याला मुदतच ठाऊक नाही, त्याने रेघा ओढावयाच्या कशासाठी? काम करणारे हात रिकामे, जवळची पुंजी दर महिन्याला आटत चाललेली, रात्री झोप नाही आणि सकाळी उठण्याचे कारण नाही, अशी ती अवस्था. इंडोनेशियातील या दीर्घ प्रतीक्षेने खचून काहींनी आत्मघात केल्याच्याही नोंदी आहेत. मोठ्यांचे हे हाल. मुलांचे त्याहून वाईट. मोठ्यांचे आयुष्य थांबले तरी घडलेले असते. मुलांचे वय मात्र थांबत नाही. सहा वर्षांचे मूल तीन वर्षे खोलीत बसून राहिले तर ते नऊ वर्षांचे होते, आणि ती तीन वर्षे पुढे कोणताही देश त्याला भरून देऊ शकत नाही. चिसारुआतील आईबापांना खरी धास्ती वाटत होती ती याची. स्थानिक शाळांची दारे त्या वेळी त्यांच्या मुलांना व्यवहारतः बंद होती.

या लोकांत मुझफ्फर अली नावाचे एक गृहस्थ होते. अफगाणिस्तानात असताना त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या कामात नोकरी केलेली होती आणि छायाचित्रणाचा त्यांना व्यासंग होता. पत्नी व लहान मुलगी यांच्यासह ते तेथे अडकले होते. दुसरा होता खादिम दाई नावाचा, नुकता विशीच्या उंबरठ्यावर असलेला, क्वेट्ट्याहून आलेला तरुण. त्याला चित्रीकरणाची हौस. त्याच सुमारास जोलियन हॉफ जकार्तात सहकुटुंब राहत होते. आपल्या देशाच्या निवडणुका ज्या माणसांच्या नावाने लढवल्या जातात, ती माणसे प्रत्यक्षात आहेत तरी कशी, हे पाहण्यासाठी ते चिसारुआला गेले. तेथे त्यांना याचना करणारा जमाव भेटला नाही. आपल्या मुलांच्या शिक्षणाची चिंता करणारे पालक भेटले. त्या भेटीगाठींतून आणि निर्वासितांच्या आपसातील चर्चेतून शाळेची कल्पना आकारास आली. २०१४ च्या ऑगस्ट महिन्यात एका भाड्याच्या इमारतीत चिसारुआ निर्वासित शिक्षण केंद्र सुरू झाले.

दुसऱ्या कोणत्याही ठिकाणी हे वाक्य किती साधे वाटले असते! जागा मिळाली, फळा टांगला, मुले जमली, शाळा सुरू झाली. परंतु चिसारुआत या प्रत्येक पायरीवर भीती उभी होती. निर्वासिताने कोणाच्या नजरेत भरू नये, घोळक्याने जमू नये, फलक लावू नये, हा तेथला अलिखित नियम. नजरेत भरलेला मनुष्य पकडला जाऊन बंदिगृहात जाण्याचा संभव होता. शाळा ही तर लपवता न येणारी गोष्ट. सकाळी पाठीवर दप्तर घेतलेली मुले रस्त्याने निघाली की, साऱ्या गावाला दिसतात. मधल्या सुट्टीचा गलबला भिंतींना अडवत नाही. याचा अर्थ असा की, शाळा काढणे म्हणजे लपणे सोडून देणे. आम्ही येथे आहोत, आणि चोरासारखे नाही तर माणसांसारखे आहोत, असे त्या लोकांनी मुलांच्या पाढ्यांच्या आवाजात जाहीर केले.

मग प्रश्न आला शिक्षकांचा. पगार देण्यास पैसा नव्हता, आणि असता तरी निर्वासिताने पगार घेणे कायद्याला मान्य नव्हते. म्हणून शिक्षक व्हावयाचे ते स्वयंसेवकच. येथे या शब्दाला एक निराळाच अर्थ आला. एरवी आपले पोट भरलेला मनुष्य उरला वेळ समाजाला देतो, त्याला आपण स्वयंसेवक म्हणतो. चिसारुआतील शिक्षकांजवळ वेळेवाचून दुसरे काहीच उरलेले नव्हते, आणि तो वेळच त्यांना खाऊन टाकीत होता. तोच त्यांनी दिला. त्यांतले बहुतेक पूर्वी कधी वर्गापुढे उभे राहिलेले नव्हते. कित्येक तर तरुण मुली होत्या. ज्या देशातून त्या आल्या तेथे मुलीने शाळेत जाणे हेच धाडस. येथे त्या हातात खडू घेऊन फळ्यापुढे उभ्या राहिल्या. दुपारी दुसऱ्या शिक्षकाकडून धडा समजून घ्यावा आणि सकाळी तो मुलांना शिकवावा, अशा रीतीने शिक्षक व शाळा बरोबरच घडत गेली. मुलांचे वर्ग स्थिरावल्यावर मोठ्यांसाठी, विशेषतः मातांसाठी, इंग्रजीचे वर्ग निघाले. पुढे मुलींचे फुटबॉलही सुरू झाले.

शिकवावयाचे कोणत्या भाषेत, हाही प्रश्न सोपा नव्हता. मुले घरी हजारगी किंवा दरी बोलत. क्वेट्ट्याहून आलेल्यांना उर्दू येई. सभोवारचा समाज इंडोनेशियन भाषा बोलणारा. निवड झाली ती इंग्रजीची. वरवर पाहता ज्या देशाने दार लावून घेतले त्याच देशाच्या भाषेची ही उपासना विचित्र वाटेल. परंतु त्या निवडीत हिशेब होता. मूल उद्या कोठे जाईल, हे कोणीच सांगू शकत नव्हते. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, अमेरिका यांपैकी कोणताही देश त्याच्या नशिबी येण्याचा संभव होता. या सर्वांना पुरणारी शिदोरी एकच, आणि ती म्हणजे इंग्रजी. ज्या शाळेला आपल्या विद्यार्थ्यांचा देशच ठाऊक नाही, तिला अभ्यासक्रम ठरवताना एवढाच आधार सापडतो.

हजारा लोकांच्या दृष्टीने परागंदा अवस्थेत शाळा काढणे ही काही अगदीच अपूर्व गोष्ट नव्हती. १९९४ साली, अफगाणिस्तानात यादवी माजलेली असताना, अझीझ रोयेश आणि त्यांच्या सोबत्यांनी पाकिस्तानातील अफगाण निर्वासितांसाठी 'मारेफत' नावाची शाळा सुरू केली होती. तालिबानची पहिली राजवट कोसळल्यावर २००२ साली ती काबूलला हलवण्यात आली आणि दश्त-ए-बर्ची या हजारा वस्तीत तिची मोठी संस्था झाली. मारेफत म्हणजे ज्ञान. जमीन हिरावून घेता येते, घर जाळता येते, परंतु एकदा शिकलेली अक्षरे काढून घेता येत नाहीत, हा धडा त्या समाजाने फार कडू अनुभवातून घेतला होता. चिसारुआच्या शाळेमागे ही परंपरा उभी होती. फरक एवढाच की, मारेफतच्या संस्थापकांना परतण्यासाठी काबूल होते. चिसारुआच्या शिक्षकांना ना मागे गाव होते, ना पुढे.

शाळा सुरू होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. १८ नोव्हेंबर २०१४ रोजी ऑस्ट्रेलियाच्या स्थलांतर खात्याचे मंत्री स्कॉट मॉरिसन यांनी आणखी एक घोषणा केली. त्या वर्षाच्या १ जुलैपासून पुढे इंडोनेशियातील निर्वासित कचेरीत ज्यांनी नाव नोंदवले असेल, त्यांना ऑस्ट्रेलिया रीतसर मार्गानेही घेणार नाही, असा तिचा आशय होता. होडीचे दार आधीच लागले होते. आता कागदाचे दारही लागले. नावनोंदणीची तारीख ३० जून की १ जुलै, एवढ्यावरून दोन कुटुंबांचे भाग्य वेगळे झाले. एकाच वर्गात एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांपैकी एकाच्या वाट्याला आशा आली आणि दुसऱ्याच्या वाट्याला अनिश्चितता. त्या दोघांनाही तोच धडा, त्याच आस्थेने शिकवावयाचा, हे त्यानंतरच्या शिक्षकांचे काम होते.

बोलपटाचे सामर्थ्य येथे दिसून येते. अनुबोधपटांत निर्वासित बहुधा दुरून टिपलेला असतो. होडीच्या कडेला दाटीने बसलेली, नावे नसलेली माणसे. 'द स्टेजिंग पोस्ट'मध्ये कॅमेरा काही वेळा स्वतः निर्वासितांच्याच हाती आहे. मुझफ्फर अली आणि खादिम दाई यांनी आपल्या जीवनाचे केलेले चित्रण त्यात वापरले आहे. त्यामुळे प्रेक्षकाला दिसते ते त्यांचे घर, त्यांचे विनोद, त्यांचे वादविवाद आणि त्यांची कंटाळवाणी दुपार. संकट दाखवण्यास कोणताही कॅमेरा पुरतो. परंतु कंटाळा दाखवण्यास आतलाच माणूस लागतो. इतिहासाच्या अभ्यासकाला अशा साधनाचे महत्त्व सांगावयास नको. सरकारी दप्तरात या लोकांचा उल्लेख आकड्यांनी होतो, वर्तमानपत्रांत लाटेच्या उपमेने होतो. त्यांनी स्वतःच्या हातांनी ठेवलेली नोंद फार विरळ, आणि म्हणूनच ती मोलाची.

तरीही साधन म्हणून त्याची मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. बोलपटाला नायक लागतात, म्हणून तो दोनतीन चेहरे निवडतो. शाळा मात्र दोघांनी चालत नसते. रोज सकाळी वर्ग झाडणारे, वह्या तपासणारे, आजारी शिक्षकाच्या जागी उभे राहणारे पुष्कळ हात पडद्याबाहेर राहतात. शिवाय शाळेसाठी लागणारा पैसा काही आकाशातून पडला नाही. तो ऑस्ट्रेलियातील मित्रांनी व सामान्य नागरिकांनी जमवला. ज्या देशाच्या सरकारने दार लावले, त्याच देशातील माणसांनी खिडकीतून शिधा पोचवला, असे म्हणावे लागते. सरकार आणि प्रजा यांना एकच समजण्याची जी घाई लोक करतात, तिला हे उत्तर आहे.

या शाळेवर एक गंभीर आक्षेप घेता येण्याजोगा आहे. शाळेने प्रतीक्षा सुसह्य होते. आणि प्रतीक्षा सुसह्य झाली की ती लांबवणाऱ्यांची सोय होते. निर्वासित आपली व्यवस्था आपणच लावतात, मग घाई कशाला, असे म्हणण्यास राज्यकर्ते मोकळे होतात. आक्षेप खोटा नाही. शाळेने एकाही मुलाला देश दिला नाही, आणि तिच्या शिक्षणाला कोणत्या राज्याची मान्यताही नव्हती. परंतु आक्षेप घेणाऱ्याने पर्याय काय, तेही सांगावे. मुलांना अडाणी ठेवल्याने कोणत्याही मंत्र्याचे मन द्रवल्याचे उदाहरण नाही. उलट शाळेचे पाहून चिसारुआच्या परिसरात आणि जकार्तात निर्वासितांची आणखी शिक्षण केंद्रे निघाली. २०१६ च्या अखेरीस इंडोनेशियाच्या राष्ट्राध्यक्षांनी निर्वासितांविषयी पहिला सविस्तर हुकूम काढला, आणि २०१९ नंतर काही निर्वासित मुलांना स्थानिक शाळांत बसू देण्यात आले. हे त्या एका शाळेमुळे घडले, असे म्हणणे धाडसाचे होईल. मात्र निर्वासितांची मुले शिकू शकतात, शिकू इच्छितात आणि त्याने शेजाऱ्यांचे काहीही बिघडत नाही, हे तोवर सर्वांना दिसलेले होते.

त्या शाळेचे सर्वांत विलक्षण वैशिष्ट्य मात्र निराळेच होते. कोणतीही संस्था आपली जुनी, अनुभवी माणसे टिकवून ठेवण्याची धडपड करते. चिसारुआच्या शाळेचा आनंद हा की, तिचे शिक्षक तिला सोडून जावेत. एखाद्या शिक्षिकेला दुसऱ्या देशाचे बोलावणे आले की, तो सणाचा दिवस. आणि दुसऱ्या दिवशी तो वर्ग कोणी घ्यावयाचा, ही पंचाईत. मग कालच्या विद्यार्थ्यांतलाच कोणी मोठा मुलगा किंवा मुलगी पुढे येई. अशी शाळा चालवावयाची तर व्यक्तीवर भिस्त ठेवून भागत नाही. रीत घालून द्यावी लागते. मुझफ्फर अली यांना ऑस्ट्रेलियात प्रवेश मिळाला आणि ते कुटुंबासह ॲडलेड शहरी गेले. खादिम दाई अमेरिकेत पोहोचला. संस्थापक गेले तरी वर्ग भरत राहिले, हीच त्यांच्या कामाची खरी पावती.

ॲडलेडला गेल्यावर मुझफ्फर अली यांना इतिहासाने एक चमत्कारिक भेट घडवली. त्या देशाच्या वाळवंटी अंतर्भागात रस्ते व रेल्वे नव्हती, तेव्हा १८६० पासून पुढे कराची बंदरातून उंट आणि उंटांबरोबर सारवान नेण्यात आले होते. त्यांत अफगाण होते, बलुची होते, पंजाब व सिंधचेही लोक होते. तेथे सर्वांना 'अफगाण' हेच नाव पडले. तारायंत्राचे खांब, लोहमार्गाचे सामान, खाणींचे धान्य त्यांनी पाठीवर वाहून नेले. ॲडलेडची जुनी मशीद १८८८-८९ साली त्यांच्यासाठीच उभी राहिली, आणि त्या देशाच्या मध्यातून धावणाऱ्या प्रसिद्ध आगगाडीला त्यांच्यावरूनच 'घान' हे नाव पडले. त्यांच्या वंशजांचा शोध मुझफ्फर अली यांनी घेतला, आणि त्यातून हॉफ यांचा दुसरा अनुबोधपट २०२२ साली निघाला. त्याचे नाव 'वतनदार'. मराठी माणसाच्या कानी हा शब्द पडला की, त्याला पाटील-देशमुखांच्या इनाम जमिनी आठवतात. वतनदार म्हणजे ज्याचा भूमीवर वंशपरंपरेचा हक्क आहे तो. दरी भाषेत मात्र वतनदार म्हणजे आपल्या मायदेशचा माणूस, देशबांधव. एकाच शब्दात एकीकडे जमिनीचा मालक आणि दुसरीकडे जमीन सुटलेल्याचा सोबती, असे दोन अर्थ नांदतात.

ज्या देशाने एके काळी गरज होती म्हणून अफगाणांना समुद्रापलीकडून बोलावून घेतले, त्याच देशाने पुढे त्यांच्या होड्या परत फिरवल्या. इतिहासात असे वारंवार घडते. स्वागत आणि बंदी ही बहुधा येणाऱ्याच्या गुणावर नव्हे तर घेणाऱ्याच्या गरजेवर ठरत असतात. इकडे २०२१ च्या ऑगस्टमध्ये काबूल पुन्हा तालिबानच्या हाती गेले आणि त्यानंतर मुलींच्या माध्यमिक शाळा बंद करण्यात आल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात दश्त-ए-बर्चीतील एका शाळेबाहेर झालेल्या स्फोटांत कित्येक विद्यार्थिनी मारल्या गेल्या होत्या. चिसारुआत अडकलेल्यांना परतण्याची जी अंधुक आशा असेल, तीही त्या वर्षी विझली.

या पार्श्वभूमीवर त्या डोंगरी गावातील भाड्याच्या इमारतीकडे पाहिले म्हणजे तिचा अर्थ उलगडतो. जेथे मायदेशात शाळेत जाणाऱ्या मुलींवर स्फोटके पडतात, तेथून पळून आलेल्या मुली परक्या देशात, परक्या भाषेत, कोणी सांगितले नसताना, कोणी पगार दिला नसताना, लहान मुलांना वाचावयास शिकवीत होत्या. पडावावर माणसे सहसा झाड लावीत नाहीत. सावली मिळेपर्यंत आपण तेथे नसू, हे त्यांना ठाऊक असते. चिसारुआच्या लोकांनी ते लावले. आपण निघून जाऊ अशी आशा, आणि आपल्यामागून कोणी तरी येईलच अशी खात्री, या दोन्ही गोष्टी त्यांच्यापाशी होत्या. म्हणून त्यांनी वर्ग भरवला, हजेरी घेतली, आणि पहिल्या मुलाचे नाव पुकारले.